धुरात नाक खुपसू नका: वेल्डिंगच्या कामात नवीन आलेल्यांसाठी

आयटीआय करून भोसरी, सातपूर, शिरोली नाहीतर वाळूजच्या एखाद्या गाळ्यात जॉइन झालात की पहिल्याच आठवड्यात सगळे जण डोळ्यांबद्दल सांगतात, काच लाव, आर्ककडे बघू नको, नाहीतर रात्रभर डोळे चुरचुरतील. बरोबरच आहे ते. पण धुराबद्दल कोणी फारसं बोलत नाही, कारण धुराने त्या रात्री बहुतेक वेळा काहीच होत नाही, जे व्हायचं ते कित्येक वर्षांनी होतं आणि तोपर्यंत माणूस तीन कंपन्या बदलून झालेला असतो, मग कोणाला विचारणार.

२०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने (तीच ती फ्रान्समधली आयएआरसी) वेल्डिंगचा धूर पहिल्या गटात टाकला, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो याचा पुरेसा पुरावा आहे असा गट. त्याआधी १९९० पासून तो 'होऊ शकतो' या गटात होता. आणि हे फक्त एसएसच्या (स्टेनलेस स्टीलच्या) धुराबद्दल नाहीये, साध्या एमएसचा (माइल्ड स्टील, म्हणजे नेहमीच्या लोखंडाचा) धूरही त्यात आला. ब्रिटनच्या सरकारी सेफ्टी खात्याने २०१९ मध्ये सांगून टाकलं की एमएस वेल्डिंगलाही नुसतं दार-खिडकी उघडी ठेवून चालणार नाही, धूर ओढायची सोय पाहिजे. आपल्याकडे अजूनही 'शटर उघडं आहे की' हेच उत्तर मिळतं.

पुढे वाचायच्या आधी एक लक्षात घ्या, मास्क सगळ्यात शेवटी येतो. धूर म्हटलं की लोक थेट मास्ककडे पळतात, शेठ एक बॉक्स आणून टेबलावर ठेवतो आणि काम झालं म्हणतो. पण आधी धूर कमी कसा होईल ते बघायचं, मग आपलं तोंड त्यातून बाहेर काढायचं, मग धूर ओढून बाहेर टाकायचा आणि हे सगळं करूनही जो उरतो त्याच्यासाठी मास्क.

पहिलं: आपण काय जाळतोय ते विचारा

धुरातला बहुतेक माल, नव्वद टक्क्यांच्या आसपास, रॉडमधून किंवा वायरमधून येतो, खालच्या प्लेटमधून कमी येतो. म्हणून रॉडच्या बॉक्सवरचा नंबर वाचा आणि स्टोअरवाल्याकडे त्याचं सेफ्टी डेटा शीट (आत काय आहे आणि धोका काय, याचा कागद) मागा, सप्लायरला मेल केला तर देतात. करंट गरजेपेक्षा जास्त लावला तरी धूर वाढतो, सिनियर लोक काम उरकायला अँपिअर चढवतात, तुम्ही बॉक्सवर लिहिलेल्या रेंजमध्ये राहा.

एमएसच्या धुरात लोखंडासोबत मँगनीज असतं आणि ते डोक्याला त्रास देतं, म्हणजे खरोखर मेंदूला. वर्षानुवर्षं जास्त प्रमाणात गेलं तर हात थरथरणं, चाल बिघडणं, विनाकारण चिडचिड, पार्किन्सनसारखी लक्षणं. आपल्या १९४८ च्या फॅक्टरीज ॲक्टच्या दुसऱ्या शेड्यूलमध्ये वेल्डिंगच्या सगळ्या धुराला मिळून घनमीटरला ५ मिलिग्रॅम ही मर्यादा दिलेली होती, आणि अमेरिकेतल्या एसीजीआयएच या संस्थेने २०१३ मध्ये फुप्फुसात खोलवर जाणाऱ्या नुसत्या मँगनीजसाठी ०.०२ मिलिग्रॅमची शिफारस केली. हा फरक बघितला की 'लिमिटमध्ये आहे' या वाक्यावर किती विसंबायचं ते कळतं.

एसएसमध्ये क्रोमियम आणि निकेल. क्रोमियमचा जो प्रकार घातक आहे, हेक्सा क्रोम म्हणतात त्याला, तो रॉडने एसएस मारताना जास्त तयार होतो, आर्गनने (टिग वेल्डिंग, आर्गन गॅसच्या आवरणात होतं ते) बराच कमी. त्यामुळे पातळ एसएसचं काम असेल आणि आर्गनचं मशीन रिकामं असेल तर विचारून बघा, विचारायला पैसे पडत नाहीत.

आता जीआय, म्हणजे वर झिंकचा थर दिलेलं लोखंड. हा सगळ्यात जास्त लोकांना आडवा येतो. झिंक साधारण ९०७ अंशाला उकळतं, स्टील वितळायला १५०० च्या आसपास लागतात, म्हणजे खालचं लोखंड वितळायच्या आधीच वरच्या झिंकची वाफ होऊन हवेत पांढरा धूर झालेला असतो. दुपारी काम केलं की संध्याकाळी घरी गेल्यावर थंडी वाजते, ताप येतो, अंग मोडून येतं, तोंडाला धातूची चव लागते, लोकांना वाटतं मलेरिया झाला. एकदोन दिवसात आपोआप उतरतो. गंमत म्हणजे रोज थोडं थोडं झिंक घेत राहिलं की शरीराला त्याची तात्पुरती सवय होते आणि सुट्टीत ती सवय जाते, त्यामुळे सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी ताप जास्त येतो, इंग्रजीत याला मंडे मॉर्निंग फीवर असंच नाव पडलंय. उपाय सोपा आहे पण कंटाळवाणा आहे: जिथे वेल्ड मारायचाय तिथून दोन्ही बाजूंना इंच-दोन इंच झिंक ग्राइंडरने काढून टाका, आणि ती धूळ पण नाकात जाऊ देऊ नका, म्हणजे ग्राइंडिंग करतानाही मास्क.

दूध आणि गुळाचं इथेच सांगून टाकतो कारण दूध-गूळ घेतला की धूर साफ होतो असं प्रत्येक गाळ्यात कोणीतरी सांगतोच. दूध पोटात जातं, धूर फुप्फुसात. गूळ खा, चांगला असतो, चहासोबत खा, पण त्याने छाती साफ होत नाही आणि शेठ दूध देतोय म्हणून एक्झॉस्ट नको असा हिशोब मान्य करू नका.

बोल्टवर कधी कधी कॅडमियमचं प्लेटिंग असतं, जुन्या मशिनरीच्या पार्टवर तर नक्की शंका घ्यावी. कॅडमियम साधारण ७६७ अंशालाच उकळतं. त्याचा धूर सुरुवातीला झिंकसारखाच ताप देतो, म्हणून लोक झोपून राहतात, आणि मग एकदोन दिवसात फुप्फुसात पाणी भरतं, माणूस जातो यात. झिंक आणि कॅडमियम डोळ्याने खात्रीने वेगळं ओळखता येत नाही, दोघांवर पिवळसर झाक असू शकते. म्हणून प्लेटिंग केलेला कुठलाही पार्ट तसाच जाळू नका. एसी-फ्रिजच्या लाइनमधले लोक सिल्व्हर ब्रेझिंग करतात, त्यांनी रॉड घेताना कॅडमियम-फ्री आहे का ते पाकिटावर बघूनच घ्यावा.

आणि डिग्रीझर. जॉबवरचं ऑइल काढायला क्लोरीनवालं सॉल्व्हेंट (ट्रायक्लोरोइथिलीन, किंवा काही ब्रेक क्लीनरचे स्प्रे) मारलं आणि ते ओलं असतानाच आर्क पाडला, तर फॉस्जीन तयार होऊ शकतो. पहिल्या महायुद्धात विषारी गॅस म्हणून वापरलेला तोच हा. याची लक्षणं पण काही तासांनी येतात. शेजारच्या टेबलावर त्याचा डबा उघडा असला तरी आर्कच्या अल्ट्राव्हायोलेटने त्याच्या वाफेचं हेच होतं. डब्यावर 'क्लोर' अक्षरं दिसली की तो डबा वेल्डिंगच्या आसपास नको, साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या, मग काम.

दुसरं: उकिडवं बसणं सोडा

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि याला एक रुपया लागत नाही. आपल्याकडे निम्मं काम जमिनीवर होतं, जॉब फरशीवर, माणूस उकिडवा, हातात शिल्ड, आणि डोकं बरोबर जॉबच्या वर. गरम धूर सरळ वर जातो, तुमचं तोंड त्याच्या वाटेत, शिल्डच्या खालून तो आत शिरतो आणि आत अडकून राहतो. याच्यापेक्षा वाईट पोझिशन मुद्दाम शोधून सापडणार नाही.

जॉब उचला. दोन घोड्या बनवा, स्क्रॅपमधल्या अँगलच्याच बनतात, एका दुपारचं काम आहे, आणि जॉब कमरेच्या वर येऊ द्या. मग जॉबच्या समोर वाकून न बसता थोडं बाजूला उभं राहा म्हणजे धुराची रेघ तुमच्या नाकाच्या पुढून वर जाईल. सुरुवातीला हात वळत नाही, सवय नसते, सिनियर हसतील, हसू द्या. हँड शिल्डऐवजी डोक्यावरचं हेल्मेट मिळालं तर उत्तम, दुसरा हात मोकळा राहतो आणि वाकणं कमी होतं.

एखादा जॉब इतका मोठा असतो की उचलता येत नाही, कॉलम असतो, गेट असतं. तिथे निदान वारा कुठून येतोय ते बघून बाजू निवडा.

तिसरं: हवा कुठून कुठे जाते ते उदबत्तीने बघा

उदबत्ती पेटवा, मशीन बंद ठेवा, पंखे नेहमीसारखे चालू ठेवा आणि उदबत्ती घेऊन आपल्या जागेवर उभं राहा. (आधी आसपास थिनर किंवा रंगाचे डबे नाहीत ना ते बघा, हे सांगायला नको पण सांगतो.) धूर तोंडाकडे येतोय की लांब जातोय ते लगेच दिसतं. बऱ्याच ठिकाणी असं दिसेल की वर भिंतीतला मोठा एक्झॉस्ट फॅन जोरात फिरतोय, आवाज करतोय, आणि उदबत्तीचा धूर जागेवरच घुटमळतोय. कारण पंखा हवा फेकतो तेव्हा ती लांब जाते, पण ओढतो तेव्हा फक्त अगदी जवळची ओढतो. मेणबत्ती लांबून फुंकून विझवता येते, तितक्याच लांबून श्वास आत ओढून विझवून बघा. म्हणजे वरचा एक्झॉस्ट फॅन गाळ्यातली एकूण हवा बदलायला ठीक आहे, तुमच्या नाकाला त्याचा उपयोग कमी.

पेडेस्टल पंखा लावायचा तर कुठे लावायचा? पाठीमागे लावतात सगळे, कारण घाम येतो. पण पाठीवर वारा आला की तो अंगाला वळसा घालून पुढे जातो आणि छातीसमोर हवा गोल फिरते, म्हणजे धूर उलट तोंडाकडेच येतो. पंखा बाजूला ठेवा, डावीकडून उजवीकडे किंवा उजवीकडून डावीकडे, आणि तो धूर शेजारच्या माणसाच्या तोंडावर जात नाही ना ते पण बघा, नाहीतर तुमचा प्रश्न सुटला आणि हेल्परचा सुरू झाला. सीओटू किंवा आर्गनवर काम असेल तर वारा आर्कवर फार लागला की वेल्डला हवेपासून वाचवणारं गॅसचं कव्हर उडतं आणि वेल्डला भोकं पडतात, साधारण सेकंदाला अर्ध्या मीटरच्या वर वेग नको, म्हणजे पंखा लांब आणि स्लो.

चौथं: धूर ओढायचा तर जिथे निघतो तिथेच

फ्लेक्झिबल होज असलेला ब्लोअर, ज्याचं तोंड जॉबजवळ आणता येतं, हे खरं काम करतं. पण त्यातही लोक गंमत करतात, हूड (ओढणारं तोंड) दोन फूट लांब ठेवतात म्हणजे आड येत नाही. ओढण्याचा जोर लांब गेलं की फार पटकन पडतो, डक्टच्या तोंडाच्या व्यासाइतकं लांब गेलात तरी तोंडाजवळच्या वेगाचा जेमतेम दहावा हिस्सा उरतो. आठ इंची डक्ट असेल तर हूड आठ-दहा इंचांवर पाहिजे, त्यापेक्षा लांब नको, आणि वेल्ड पुढे सरकला की हूड पण पुढे सरकवायचा. हे कंटाळवाणं आहे, मान्य.

होजचं दुसरं तोंड कुठे निघतंय ते जाऊन बघा. शेजारच्या गाळ्याच्या खिडकीखाली, किंवा आपल्याच शटरच्या बाजूला असेल तर धूर फिरून परत आत येणार. आणि बाहेर जाणारी हवा आत कुठून तरी यायला पाहिजे, पावसाळ्यात सगळं बंद करून एक्झॉस्ट चालवला तर तो नुसता गुरगुरतो.

टाकीत, डक्टमध्ये, पाइपमध्ये उतरायचं असेल तर थांबा

इथे धीम्या आजाराचा प्रश्नच नाही, इथे माणूस काही मिनिटात जातो. आर्गन हवेपेक्षा जड आहे, सीओटू पण. रात्री टाकीत वेल्डिंगची टॉर्च किंवा गॅसचा होज ठेवून गेलात आणि व्हॉल्व्ह थोडा लीक असला तर सकाळी टाकीच्या तळाला ऑक्सिजन उरलेला नसतो, आणि आर्गनला वास नाही, रंग नाही, घसा पण चुरचुरत नाही. नेहमीच्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला की आत जायचं नाही. हे ऑक्सिजन मीटरशिवाय कळत नाही. नाकाने नाही, काडी पेटवून तर अजिबात नाही.

आत जायच्या आधी परमिट (लेखी परवानगी), मीटरने तपासणी, ब्लोअरने ताजी हवा चालू, आणि बाहेर मॅनहोलपाशी एक माणूस ज्याचं दुसरं काहीही काम नाही. त्याला चहा आणायला पाठवायचं नाही. ब्रेकमध्ये गॅसच्या होज बाहेर काढायच्या. कायदा नवीन नाहीये हा, १९४८ च्या ॲक्टमध्ये कलम ३६ यासाठीच होतं.

दोन गोष्टी कधीच करू नका. गुदमरतंय म्हणून आत ऑक्सिजनच्या सिलिंडरची नळी सोडायची नाही, ऑक्सिजन वाढला की कपडे, केस, तेलकट हातमोजे एका ठिणगीत भडकतात. आणि आतला माणूस पडला म्हणून त्याच्यामागे उडी मारायची नाही. आपल्याकडे टाकीतल्या आणि गटारातल्या अपघातांत बऱ्याचदा वाचवायला गेलेलाच दुसरा मेलेला असतो. म्हणून उतरणाऱ्याच्या अंगावर हार्नेस आणि दोरी आधीच बांधायची, म्हणजे बाहेरूनच ओढता येईल.

लोक राहतात त्या बिल्डिंगमध्ये काम असेल तर

सोसायटीत ग्रिल बसवणं, लिफ्टच्या शाफ्टमध्ये ब्रॅकेट मारणं, बेसमेंटमध्ये पाइपलाइन. जिना आणि शाफ्ट धूर वर ओढतात, खाली पार्किंगमध्ये वेल्ड मारला तरी पाचव्या मजल्यावरच्या आजींना खोकला येतो. त्या मजल्याचे जिन्याचे दरवाजे लावून घ्या, एसीची हवा आत ओढणारी जाळी कामापुरती झाका, सेक्रेटरीला आदल्या दिवशी सांगा म्हणजे दम्याचं कोणी असेल तर ते तेवढा वेळ बाहेर जातील. फायर अलार्मवाल्याला सांगून फक्त तेवढा झोन बंद करा आणि काम संपलं की चालू झाला का ते स्वतः बघा. पार्किंगमध्ये जनरेटर लावू नका, त्याचा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही आणि कोणत्याही साध्या मास्कने अडत नाही.

जुन्या ग्रिलवरचा रंग तसाच जाळू नका. घरगुती रंगात शिशाची ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात किती आहे कोण जाणे. खरवडून किंवा पेंट रिमूव्हरने काढा (रिमूव्हरच्या डब्यावरही 'क्लोर' बघा, ते वर सांगितलंच), पाणी मारून खरवडा म्हणजे धूळ उडत नाही, आणि पोरं खेळतात तिथे पपडी पडू देऊ नका.

नाशिककडे द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजची कामं निघतात, तिथे भिंती पफ पॅनेलच्या असतात, दोन पत्र्यांमध्ये फोम. त्यावर थेट वेल्डिंग किंवा गॅस कटिंग नको म्हणजे नकोच. आतला फोम जळला की सायनाइडचा गॅस आणि कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि आग पत्र्याच्या आतल्या आत सरकते, बाहेरून दिसतही नाही. बोल्टिंग करा, रिव्हेट मारा, डिझाइन बदलायला लावा, कॉन्ट्रॅक्टर चिडला तर चिडला.

आता मास्क

रुमाल, गमछा, सर्जिकल मास्क, यातलं काही वेल्डिंगच्या धुराला अडवत नाही, कण बहुतेक एक मायक्रॉनपेक्षा बारीक असतात आणि रुमाल ओला केला तरी कडेने हवा जातेच. कमीत कमी एन९५ किंवा एफएफपी२, पाकिटावर आयएस ९४७३ लिहिलेलं बघून घ्या. एसएस रोजचं असेल तर रबरी हाफ मास्क आणि पी१०० फिल्टर मागा, हेल्मेटखाली बसणारा चपटा फिल्टर मिळतो. दोन्ही पट्टे वापरा, एक कापून कानाला लावू नका. नाकाची पट्टी दाबा, जोरात श्वास सोडा, कडेने हवा डोळ्यांवर आली तर बसला नाही. दाढी असेल तर बसणारच नाही, कितीही महाग असला तरी. श्वास घ्यायला जड वाटलं, आतून मळला, पट्टा सैल झाला की फेकून द्या.

हे मास्क कण अडवतात, गॅस नाही. आर्गनने ॲल्युमिनियम मारताना धूर कमी दिसतो पण ओझोन तयार होतो, त्याला तिखट वास येतो आणि छातीत कोरडं कोरडं होतं. तिथे परत पंखा आणि हूड.

अंग काय सांगतंय

संध्याकाळी ताप आला आणि दुसऱ्या दिवशी उतरला, तर बहुतेक झिंक. पण ताप उतरायच्या ऐवजी दम लागायला लागला, बोलताना वाक्य तुटायला लागलं, ओठ निळसर दिसले, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल. आणि डॉक्टरला नुसतं 'सर्दी-ताप' सांगू नका, वेल्डर आहे, आज अमुक मटेरियल जाळलं, अमुक स्प्रे मारला, किती वाजता, असं सांगा, डब्याचा फोटो काढून न्या. डॉक्टरला हे आपणहून कळायचा काही मार्ग नाही.

जॉइन होतानाच एकदा स्पायरोमेट्री करून घ्या, नळीत फुंकायची टेस्ट असते, दहा मिनिटांचं काम, आणि मग दरवर्षी. कंपनी करत असेल तर रिपोर्टची झेरॉक्स स्वतःकडे ठेवा, कंपनी बदलली की फाइल तिथेच राहते. ब्रिटनमध्ये वेल्डरना न्यूमोनियाची लस घ्यायला सांगतात कारण धातूच्या धुराने न्यूमोनिया लवकर धरतो, आपल्या डॉक्टरला त्याबद्दल विचारून बघा. आणि विडी-सिगरेट ओढत असाल तर ते पण डॉक्टरला खरं सांगा, रिपोर्ट वाचताना त्यांना लागतं.